गौताळ्याचे जुने रान आणि सर्वांच्या पायांची वाट

हसनाबाद, राजूर, भोकरदन या पट्ट्यात 'रान' या शब्दाचा अर्थ बहुतेकदा शेत असाच होतो. कुणी रानात गेले म्हणजे ते कपाशीत, मक्यात किंवा मोसंबीच्या बागेत गेले असे समजायचे. झाडांनी भरलेले, वाघ-बिबट्यांचे रान हा अर्थ या भागातील बोलीतून मागे पडला, कारण तसे रानच नजरेसमोर राहिले नाही. वनाच्छादनाच्या बाबतीत जालना जिल्हा राज्यातील तळाच्या जिल्ह्यांत मोडतो. विहिरींना लागणारे पाणी, नदीला येणारा पूर आणि उन्हाळ्यात गावात शिरणारे टँकर यांची चर्चा येथे रोज होते. या पाण्याचा उगम ज्या डोंगरांत आहे, तेथील जंगलाची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते.

ते डोंगर फार दूर नाहीत. उत्तरेला पसरलेल्या अजिंठा रांगेत पूर्णा नदी उगम पावते आणि गिरजा, केळणा यांसारख्या उपनद्यांना सोबत घेत पुढे गोदावरीला मिळते. याच रांगेच्या पश्चिम भागात, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. सन १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. हसनाबादच्या माणसाला खरे जंगल पाहायचे असेल, तर विदर्भात किंवा सह्याद्रीत जाण्याआधी त्याने पाहावे असे हे सर्वांत जवळचे मोठे जंगल. तेथे जाऊन काय पाहावे, आणि ते पाहण्याची संधी आज कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही, या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार होणे गरजेचे आहे.

जुने जंगल कसे ओळखावे?

घनदाट दिसणारे प्रत्येक जंगल जुने नसते. एकाच वेळी लावलेल्या सागाच्या रोपवनात झाडे दाट असतात, पण ती सगळी एकाच वयाची, एकाच उंचीची आणि एकाच जातीची असतात. जुन्या जंगलात आजोबा, बाप आणि नातू एकाच घरात नांदावेत तशी सर्व वयांची झाडे शेजारी उभी असतात. मोठ्या वृक्षांच्या सावलीत मधल्या उंचीची झाडे, त्यांच्याखाली झुडपे, झुडपांखाली रोपे आणि या सर्वांना बांधणाऱ्या मनगटाएवढ्या जाड वेली, अशी ती रचना असते. जमिनीवर पालापाचोळ्याचा थर असतो. त्याखालची माती हाताने उकरता येईल इतकी भुसभुशीत असते. पावसाचा थेंब प्रथम पानावर, मग पाचोळ्यावर आणि शेवटी मातीत, असा टप्प्याटप्प्याने खाली उतरतो आणि मुरतो. उघड्या माळावर तोच थेंब थेट मातीवर आदळतो आणि ती सोबत घेऊन ओढ्याला मिळतो.

जुन्या जंगलाची आणखी एक खूण सहसा लक्षात येत नाही. ती म्हणजे मेलेली, वाळलेली, पण अजून उभी असलेली झाडे. सरपणाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ती वाया गेलेली वाटतात. प्रत्यक्षात अशा झाडांच्या ढोलीत घुबडे, पोपट आणि धनेश यांची घरे असतात. राखी धनेशाची मादी ढोलीत अंडी घालताना आतून तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. एक अरुंद फट तेवढी शिल्लक राहते आणि नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. जुनी झाडे गेली की ढोली जातात, आणि ढोल्यांबरोबर हा संसारही जातो. साग-पानझडीच्या जंगलातला वनपिंगळा हा छोटा घुबडपक्षी १८८४ नंतर कुणाला दिसलाच नाही, म्हणून तो नष्ट झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांना तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा आढळला. तब्बल ११३ वर्षांनी सापडलेला हा पक्षीही घरट्यासाठी झाडाच्या ढोलीवरच अवलंबून असतो.

आता या कसोटीवर गौताळा पाहिला, तर ते सगळेच्या सगळे पुरातन अरण्य आहे असे म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणून पर्यटकाची फसवणूकही करू नये. हे शुष्क पानझडीचे जंगल आहे. अशा जंगलात इमारती लाकूड, कोळसा, सरपण आणि चराई यांसाठी पिढ्यान्पिढ्या कुऱ्हाड चालत आली. त्याची खूण शोधायला तज्ज्ञाची गरज नाही. एकाच बुंध्यातून तीन-चार खोडे फुटलेला साग दिसला, की ते झाड पूर्वी कधीतरी तोडले गेले आहे असे समजावे. तोडलेल्या बुडख्यातून साग पुन्हा फुटतो. हा त्याचा चिवटपणा कौतुकास्पद असला, तरी ते मूळ झाड नव्हे.

पण याच डोंगरांत काही जागा अशा असतात, जिथे कुऱ्हाड सहजी पोहोचत नाही. खोल घळी, ओढ्यांचे काठ, कड्यांच्या कपारी आणि देवस्थानांचा परिसर. जुन्या झाडांचा शोध घ्यायचा तो अशा ठिकाणी. घळीत ओलावा टिकतो, त्यामुळे डोंगरमाथा मार्च महिन्यात उघडाबोडका झालेला असतानाही तळाशी आंबा, जांभूळ, अर्जुन यांसारखी झाडे हिरवी राहतात. देवाच्या नावाने राखलेल्या जागांचे महत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात राज्यातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. वाळकी काटकीही उचलायची नाही, या एका रूढीने सह्याद्रीत जंगलाचे मूळ रूप कसे टिकले, हे त्यातून पुढे आले. मराठवाड्यात अशी दाट राई विरळ आहे. म्हणून गौताळ्यातील प्रत्येक जुन्या घळीचे मोल अधिक.

शिकाऱ्याचे नाव, वाघाची वाट

अभयारण्याच्या जोडनावातील पहिला भाग गौतम ऋषींशी जोडला जातो. दुसरा भाग कन्नड आणि चाळीसगाव यांना जोडणाऱ्या घाटाचा. जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. त्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. तो वाघांचा नामांकित शिकारीही होता. एका अभयारण्याने अशा माणसाचे नाव मिरवावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. मार्च २०२१ मध्ये याच अभयारण्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. कित्येक दशकांनंतर येथे वाघाची नोंद झाली होती.

वाघ येथवर कसा आला असावा, याची कल्पना दुसऱ्या एका वाघाच्या प्रवासावरून येते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये बाहेर पडलेला एक तरुण नर गळ्यातील रेडिओ पट्ट्यामुळे अभ्यासकांच्या नजरेत होता. शेते, ओढे, महामार्ग ओलांडत तो तेराशेहून अधिक किलोमीटर चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ज्ञानगंगेपासून अजिंठा रांगेच्या आधाराने पश्चिमेकडे सरकत गेले की गौताळा लागतो. म्हणजे भोकरदन तालुक्याच्या उत्तरेचा हा डोंगरपट्टा वन्यप्राण्यांसाठी रस्ता आहे. नकाशावर तो उजाड दिसतो, माणसाला तो टाकाऊ वाटतो, पण त्यातील प्रत्येक झुडपी टेकडी ही त्या वाटेवरची धर्मशाळा आहे.

वाट कोणाची?

गौताळ्यात जाणे तसे अवघड नाही. कन्नडहून अभयारण्यात रस्ता जातो आणि जंगलाच्या आत वाहनाने बरेच अंतर जाता येते. मात्र रस्त्यावरून वाहनाच्या काचेतून पाहिलेले जंगल आणि पायी चालत अनुभवलेले जंगल यांत फार मोठा फरक आहे. येथील खऱ्या अर्थाने पाहण्यासारख्या जागा चालून किंवा उतरूनच गाठाव्या लागतात. पितळखोऱ्याची लेणी याचे ठळक उदाहरण. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरली गेलेली ही बौद्ध लेणी एका खोल दरीच्या कड्यात आहेत. तेथे जाण्यासाठी अनेक पायऱ्या उतराव्या लागतात आणि उतरलेले सर्व पुन्हा चढावे लागते. धडधाकट तरुणासाठी तो आनंद आहे. गुडघे धरलेल्या आजीसाठी, कुबड्या घेऊन चालणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी सहल वरच्या कठड्यापाशी संपते.

याला कुणाची चूक म्हणता येणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनी वर्षावासासाठी दुर्गम जागा निवडली, ती त्यांच्या गरजेनुसार. परंतु प्रत्येक ठिकाणी अशीच वाट असावी असे नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क हा कायदा मान्य करतो. प्रत्यक्षात 'सुगम्य' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर सरकारी कार्यालयाचा उतार आणि रेल्वे स्थानकाची लिफ्ट येते. जंगलातली पाऊलवाटही सुगम्य असू शकते, ही कल्पना मराठवाड्यात अजून रुजायची आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. वाट सोपी केली की गर्दी वाढेल आणि जंगल बिघडेल. आक्षेप गंभीर आहे, पण अर्धा खरा आहे. जंगलाचे नुकसान पायांच्या संख्येइतकेच पाय कुठे पडतात यावरही ठरते. आखलेली वाट नसली की माणसे वाट्टेल तिथून चालतात. चिखल लागला की त्याला वळसा घालतात आणि एका पायवाटेच्या चार होतात. पायांखाली माती दबते, तिच्यातली हवेची पोकळी बंद होते, पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही. उतारावर सरळ खाली उतरणारी पायवाट दोन पावसाळ्यांत ओहोळ होते. झाडांची मुळे उघडी पडतात. तेव्हा नीट बांधलेली वाट म्हातारीला जितकी लागते, तितकीच झाडालाही.

अशी वाट बांधण्याचे शास्त्र गुंतागुंतीचे नाही. डोंगराच्या अंगाने, समपातळीत वळत जाणारी आखणी हा त्याचा पाया. उताराच्या बाबतीत नियम साधा आहे. चाकाच्या खुर्चीसाठी बारा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ ही कमाल मर्यादा मानली जाते, तीही छोट्या टप्प्यांसाठी. लांबवर चालायचे असेल तर वीस फुटांना एक फूट चढ सुखाचा. रुंदी किमान तीन फूट हवी आणि मधून मधून खुर्ची वळवता येईल अशी पाच फुटांची जागा. विसाव्याला बाक, आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या पांढऱ्या काठीला लागेल अशी वाटेच्या कडेची थोडी उंच किनार. पृष्ठभागासाठी सिमेंट ओतण्याची गरज नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात पाच पावले टाकली की चपलेला किलोभर चिखल लागतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पण डोंगरावर बहुधा मुरूम असतो. तो दाबून, बाजूला चर काढून, वाटेला दरीच्या बाजूस किंचित कल दिला तर पाणी वाटेवर थांबत नाही. जिथे जुन्या झाडाची मुळे वर आली आहेत, तेथे जमिनीपासून उचललेला फळ्यांचा मार्ग करता येतो. वाळवीचा विचार करून त्याचे खांब लोखंडी किंवा दगडी ठेवावेत एवढेच.

म्यूर वूड्सचा धडा

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ म्यूर वूड्स नावाचे रेडवुड वृक्षांचे जंगल आहे. त्या भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गावाकडून आलेल्या आईवडिलांना जी ठिकाणे दाखवतात, त्यांत ते असतेच. विल्यम केंट या गृहस्थाने १९०५ मध्ये ही दरी विकत घेतली, ती तोडीपासून वाचवण्यासाठी. पुढे धरणासाठी ती बळकावली जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याने ती सरकारला दान केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जानेवारी १९०८ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. तेथील वृक्ष अडीचशे फुटांच्या वर गेलेले आहेत आणि अनेकांचे वय सहाशे ते आठशे वर्षांचे आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या वृक्षांच्या मधून जाणारी मुख्य वाट जवळजवळ सपाट आहे. काही भाग डांबरी, काही भाग लाकडी फळ्यांचा. चाकाची खुर्ची, लहान मुलांची बाबागाडी आणि काठी टेकत चालणारे वृद्ध एकाच वाटेने जातात. वृक्षांची मुळे उथळ आणि दूरवर पसरणारी असल्यामुळे त्यांच्यावर लाखो पाय पडू नयेत, हाही फळ्यांच्या मार्गाचा हेतू आहे. गर्दीवर उपाय म्हणून तेथे वाट अवघड केली गेली नाही. जानेवारी २०१८ पासून वाहनतळाचे आगाऊ आरक्षण सक्तीचे केले गेले.

आपल्याकडेही असा उपाय झालेला आहे. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाल्यानंतर फुलांच्या हंगामात पर्यटकांचे लोंढे येऊ लागले. तेव्हा दिवसाला तीन हजार जणांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणीची पद्धत आणली गेली. गौताळ्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यातील रविवारी धबधब्यांवर होणारी झुंबड पाहता, संख्येवर मर्यादा आणि वाट सर्वांना खुली, हाच मार्ग अधिक न्याय्य ठरेल. आज होते ते नेमके उलट. संख्येला बंधन नाही, आणि वाटेचा अवघडपणाच कोण जाईल ते ठरवतो.

जायचे झाल्यास

हसनाबादहून फुलंब्री, खुलताबाद मार्गे कन्नडला जाता येते. चाळीसगावकडून आल्यास पाटणादेवीचा भाग आधी लागतो. या पाटण परिसराचे नाते गणिती भास्कराचार्यांशी जोडले जाते. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला, अशी माहिती देणारा शके ११२८, म्हणजे सन १२०६ च्या सुमाराचा शिलालेख येथे आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

बहुतेक लोक पावसाळ्यात जातात. धबधब्यांसाठी ते ठीक, पण घाटात दरड कोसळण्याचा धोका असतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत औट्रम घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. ज्येष्ठांना किंवा दिव्यांग व्यक्तीला सोबत न्यायचे असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. जमीन कोरडी, ऊन सौम्य आणि ओढ्यांना थोडे पाणी. फेब्रुवारीनंतर पानगळ होते आणि जंगल भकास झाल्यासारखे वाटते. मात्र जाणत्या निसर्गप्रेमींना हाच काळ आवडतो, कारण पाने नसल्याने दूरवर दिसते, पळस फुललेला असतो आणि प्राणी पाणवठ्याकडे येतात. याच दिवसांत वणव्याची भीती सर्वाधिक. वन विभाग पाचोळा आधीच जाळून जाळरेषा काढतो, तरी विडीचे एक थोटूक पुरेसे असते. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. परवानगीशिवाय आत जाणे, विस्तव पेटवणे, चूल मांडून स्वयंपाक करणे हे चालत नाही. निघण्यापूर्वी वन विभागाकडे प्रवेशाच्या वेळा आणि रस्त्याची स्थिती विचारून घ्यावी. सोबतची व्यक्ती चाकाची खुर्ची वापरत असेल, तर वाहन कुठपर्यंत नेता येईल हेही आधीच विचारावे.

दूर चालणे शक्य नसेल, तरी वाहनातून उतरून रस्त्यालगतच्या शंभर पावलांतही बरेच काही असते. शुष्क पानझडी जंगलातील झाडे पानांआधी सालीवरून ओळखता येतात, आणि साल डोळ्यांइतकीच बोटांनाही कळते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. कांडोळाची पांढुरकी, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. चांदण्यात हे झाड दुरून माणूस उभा असल्यासारखे दिसते. सालईच्या खोडावर डिंकाचा थेंब साकळलेला सापडला तर त्याला धुपाचा वास येतो. मोहाची फुले मार्चअखेर पहाटे गळतात आणि त्यांचा गोडसर दर्प झाड दिसण्याआधीच वाटेवर येतो. दृष्टिहीन मुलांची सहल न्यायची असेल, तर शिक्षकांनी दिवस निवडावा तो मोहाच्या हंगामातला, आणि वेळ सकाळी लवकरची.